उकंडा हे खरं नाव आहे

मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी
झेरॉक्सचं शटर अर्धंच वर गेलं होतं,
तेवढ्यात उकंडराव गुरनुले वाकून आत आले.
रात्रीच्या दंडारीचं मुरदाडशिंग कानामागं तसंच,
आणि हातात फोन,
मेलेला पोपट धरावा तसा.

"वनमाला, पाय बरं. मले कोन हाकललं?"

पडद्यावर दोनच ओळी.
खातं स्थगित.
आपलं नाव खरं वाटत नाही.

मला हसू आलं. मग आलं नाही.

यांच्या आधीची तीन लेकरं गेली होती.
चौथ्याला मायनं बाराव्या दिवशी उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीनं उचललं, सूपभर कोंड्याला परत विकलं,
आणि नाव असं दिलं
की यमानं यादी वाचताना नाक मुरडावं
आणि पुढच्या गल्लीला लागावं.
यम फसला. त्रेसष्ट वर्षं झाली, फसलेलाच आहे.
आणि हे कुठलं यंत्र,
जन्मात उकिरडा न पाहिलेलं,
त्यानं बरोबर हुंगलं
की या नावामागं कुणीतरी कुणालातरी लपवलंय.

"काका, रात्री अजून काय काय केलं?"

मग एकेक निघालं, कणगीतून उंदीर निघावेत तसं.
दंडारीचं आवतन, एक अक्षर न बदलता,
दीड तासात बासष्ट गटांत टाकलं.
त्यातला एक गट पुण्याच्या कुत्री पाळणाऱ्यांचा.
पासवर्ड सुरतेतल्या चक्रधरला सांगितला;
पुतण्यानं तिथून उघडलं, यांनी इथून,
म्हणजे यंत्राच्या हिशोबी एकच माणूस
एकाच घटकेला तापीकाठी
आणि आमच्या बोडीच्या पाळीवर.
जन्माचं साल दोन हजार वीस.
"खालत खालत सरकवाचा कंटारा आला वो."
म्हणजे तोंडात अजून दुधाचे दात.
शिवाय राक्षसाचं पोट फाडतानाचा व्हिडिओ,
कुंकवाचं पाणी थेट कॅमेऱ्यावर उडालेलं.
शिवाय पलीकडच्या गावचं मंडळ,
ज्यांना यंदा मंडईत बोलावलं नव्हतं,
त्यांनी मिळून तक्रार केली असेल तर तीही.

"मंग यातला गुन्हा कोनता?"

ते लिहिलेलं नव्हतं.
आजा सांगायचा, वाळीत टाकतानाही पंच
कारण तेवढं मोठ्यानं वाचायचे.

मी सांगितलं जे मला माहीत होतं.
पासवर्ड सख्ख्या पुतण्यालाही द्यायचा नाही.
एकच आवतन घरोघरी फेकायचं नाही,
जिथं आपल्याला ओळखतात तिथंच अक्षत ठेवायची.
वय कार्डावरचं. नंबर स्वतःचा, चालू असलेला.
आणि बंद पडलं की लगेच दुसरं खातं काढायचं नाही,
तेही पहिल्याच्या मागं जातं.
त्यांनी मान हलवली,
पण डोळे नावाच्या रकान्यावर.

मी म्हटलं, काका, एक सोपं करू.
आधारवर आधी उमाकांत करून घेऊ.
शहरी वाटतं, कुणी अडवणार नाही.

ते बराच वेळ गप्प. बाहेर धानाचा ट्रॅक्टर गेला,
काउंटरवरची नाणी थरथरली.
"नाव बदलू, बाई. यंत्र वाचन, खुश होईन.
पर त्या दुसऱ्यानं वाचलं तं?"

मग उकंडाच ठेवलं.
तोंड धुऊन आले, फोटो उन्हात काढला,
कार्डावर चमक पडू नये म्हणून मी ओढणी धरली.
कारणाच्या चौकटीत तीनशे अक्षरं मावत होती.
मी लिहिलं: हे नाव खरं आहे.
पुढं काय लिहावं सुचेना.
कोंड्याचं सूप तीनशेत बसत नव्हतं.

"तिकडं वाचनारा मानूस हाये का?"
"माहीत नाही."

त्यांनी टोपी नीट केली.
आणि दंडारीत उतरण्याआधी
जमिनीला हात लावून कपाळाला लावतात,
तसं फोनच्या काचेला बोट लावलं.

अर्ज गेला.
मी अजून शुद्धलेखनही तपासलं नव्हतं.